पद्मिनीत नवे इंजिन बसवावे का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे 1986 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आजही ती रोज सुरू होते. परंतु पुण्याला जाताना खंबाटकीच्या चढावर दुसऱ्या गिअरवर यावे लागते आणि मागची वाहने हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. एका गॅरेजवाल्यांनी दोन पर्याय सुचवले आहेत. पहिला पर्याय स्विफ्टमधील 1.3 लिटरच्या डिझेल इंजिनाचा, कारण ‘ते मूळचे फियाटचेच आहे’. आणि दुसरा जिप्सी किंगमधील 1.3 लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा. दोन्हींपैकी कोणते बसवावे? गाडी बाहेरून जशी आहे तशीच दिसली पाहिजे, अशी आईची अट आहे.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या आईंची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. त्या अटीकडे शेवटी येतो. आधी गाडीकडे पाहू.

आपल्या पद्मिनीत 1089 घनसेंटिमीटरचे, बिडाच्या ब्लॉकचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्याची ताकद सुमारे 40 अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवणारा पीळ, सत्तर-पंचाहत्तर न्यूटन-मीटरच्या आसपास. गाडीचे वजन जवळपास 900 किलो, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला अखंड अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर चार गिअर. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली, परंतु तिचा आराखडा 1950-60 च्या दशकांतील फियाट 1100 चा आहे. त्या आराखड्यात इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच), ब्रेक आणि रेडिएटर हे सर्व भाग एकमेकांच्या मापाने ठरवलेले आहेत. त्यांतील एकाला दुप्पट ताकद दिली की उरलेल्या चौघांना तिचा भार सोसावा लागतो, आणि गॅरेजवाल्यांच्या अंदाजपत्रकात बहुधा या चौघांचा खर्च धरलेला नसतो.

स्विफ्टचे डिझेल इंजिन मी लगेच बाद करतो. ते फियाटनेच विकसित केलेले आहे हे खरे, पण सोयरीक जुळवताना नुसते आडनाव पाहून चालत नाही. 1248 घनसेंटिमीटरचे हे इंजिन 75 अश्वशक्ती आणि 190 न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे आपल्या मूळ इंजिनाच्या सुमारे अडीचपट टॉर्क. पद्मिनीचे डिफरन्शिअल, त्यातील दातेरी चाके आणि त्यातून चाकांपर्यंत जाणारे हाफ शाफ्ट इतक्या पिळासाठी घडवलेलेच नाहीत. पहिल्या गिअरमध्ये हा टॉर्क गिअरबॉक्समध्ये साडेतीनपट आणि अ‍ॅक्सलमध्ये पुन्हा चारपटीहून अधिक वाढून चाकांपर्यंत पोहोचतो, हे लक्षात घेतले म्हणजे चढावर क्लच सोडताना मागून ‘कट्’ असा आवाज का येतो ते कळते. शिवाय स्विफ्टमध्ये हे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते, तर पद्मिनीत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरतात. स्विफ्टचा गिअरबॉक्स येथे निरुपयोगी ठरतो. मग दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणायचा, त्याला जोडण्यासाठी लेथवर जाड पत्रा कातून घ्यायचा, आणि क्रँकशाफ्ट व गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आहेत असे मानून पुढे जायचे. या ‘मानून’ शब्दातच पुढच्या सर्व दुखण्यांचे मूळ असते. दोन्ही शाफ्टच्या मध्यांमध्ये केसभर फरक राहिला तरी क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग अकाली जाते.

जिप्सी किंगचा पर्याय मात्र विचारपूर्वक सुचवलेला दिसतो, आणि त्याबद्दल गॅरेजवाल्यांचे कौतुक केले पाहिजे. या गाडीच्या नंतरच्या आवृत्तीतील 1298 घनसेंटिमीटरचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन 80 अश्वशक्ती आणि सुमारे 103 न्यूटन-मीटर टॉर्क देते. ते मुळातच लांबीच्या दिशेने बसते. त्याच्या पाठीमागे स्वतःचा पाच गिअरचा गिअरबॉक्स असतो, आणि जिप्सीत चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी गिअरबॉक्सपासून वेगळी, आखूड शाफ्टने जोडलेली असल्यामुळे ती काढून टाकून गिअरबॉक्स थेट प्रोपेलर शाफ्टला (डिफरन्शिअलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याला) जोडता येतो. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने गाडीच्या नाकावरचे वजन वाढत नाही. वजन आणि टॉर्क या दोन्ही बाबतींत हे पाहुणे घरात सामावण्यासारखे आहे.

तरीही ‘सामावण्यासारखे’ आणि ‘बसवले’ यांच्यात बरेच काम उरते. इंजिनाखालचे तेलाचे सम्प पद्मिनीच्या पुढच्या आडव्या बीमवर आदळते का, हे इंजिन साखळीवर टांगून प्रत्यक्ष पाहावे लागते. आदळत असल्यास सम्प कापून नव्याने वेल्ड करावे लागते आणि तेल खेचणारी नळीही त्यानुसार हलवावी लागते. नवी फाउंडेशन, म्हणजे इंजिन धरणारे आधार, कोठे वेल्ड करणार, हा त्याहून गंभीर प्रश्न. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही; तिचा सांगाडा म्हणजे तिचा पत्राच होय, आणि आपला पत्रा चाळीस पावसाळे पाहिलेला आहे. गाडी उचलून घेऊन पायाखालचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि मागच्या पाट्यांचे टोक जेथे बॉडीला मिळते ती जागा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने जोर देऊन टोचून पाहावी. स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, तर इंजिनाची चर्चा तेथेच थांबवून टिनकाम करणाऱ्याला बोलवावे. स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन जमिनीवरचा दांडा येणार असल्याने मधला पत्राही कापावा लागेल. पुढे तिघांनी बसायची ती अखंड आसनाची मौज संपेल, ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत, म्हणजे पेट्रोल परवडेना म्हणून फियाटमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन घालण्याची लाट होती तेव्हा, आमच्या गॅरेजात अशी एक गाडी तयार झाली होती. इंजिन उत्तम चालले. मात्र ताशी 60 किलोमीटरच्या पुढे संपूर्ण गाडी अशी घुमायची की मागच्या काचेवरचा गणपती नाचत असे. आम्ही आठवडाभर इंजिनाला दोष देत राहिलो. दोष होता प्रोपेलर शाफ्टमध्ये. तो आखूड करताना नुसता कापून वेल्ड केला होता, बॅलन्स केला नव्हता. आणि गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचा कोन व डिफरन्शिअलच्या पिनिअनचा कोन जुळत नव्हते. जॉइंटचे क्रॉस तीन महिन्यांत दोनदा बदलले, तेव्हा कुठे कोणाला कोन मोजण्याची बुद्धी झाली.

आता ब्रेकविषयी, कारण यावर तडजोड नाही. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 70 किलोमीटरवरून 100 वर गेल्यास वेग दीडपटही होत नाही, पण ब्रेकने उष्णतेत घालवायची ऊर्जा दुप्पट होते. पद्मिनी 70 वर आनंदाने चालते म्हणून तिचे ड्रम आजवर पुरले. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, पेडल खाली जाते, लायनरची पकड घटते, आणि खंबाटकी चढताना वाचवलेली पाच मिनिटे उतारावर व्याजासह वसूल होतात. नवे इंजिन बसवणाऱ्या बहुतेक गाड्यांत मी खर्चाचा क्रम उलटा पाहिला आहे: आधी इंजिन, मग रंग, मग म्युझिक सिस्टिम, आणि पैसे उरले तर ब्रेक.

रेडिएटरचेही तसेच आहे. पूर्ण जोरात चालताना पेट्रोल इंजिन चाकांना जितकी ताकद देते, ढोबळमानाने तितकीच उष्णता पाण्याला देते. चाळीस अश्वशक्तीसाठी केलेला रेडिएटर ऐंशीच्या इंजिनाला घाटात पुरणार नाही. त्यातून इंजेक्शनचे इंजिन म्हणजे उच्च दाबाचा पेट्रोल पंप, टाकीकडे परतणारी नळी, संगणक, अर्धा डझन सेन्सर आणि त्यांचे संपूर्ण वायरिंग आले. हे वायरिंग, ज्या जिप्सीचे इंजिन घेतले त्या दात्या गाडीतून अखंड काढून घेतले तरच काम होते. तुकडे जोडत बसल्यास मुसळधार पावसात गाडी कोठे बंद पडेल हे सांगता येत नाही.

इतके सर्व नीट केले, तरी एक अडचण राहते आणि ती पान्याने सुटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार वाहनात असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला. सीएनजीसारख्या दुसऱ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची वेगळी तरतूद आहे. मात्र एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन घालणे त्यात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम 182 अ नुसार अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘पासिंगचे आमच्यावर सोडा’ असे गॅरेजवाले म्हणत असतील, तर ते नेमके काय करणार आहेत हे लेखी मागून पाहावे. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा निरीक्षक सर्वप्रथम इंजिनाचा क्रमांक पाहतो.

म्हणून माझा सल्ला असा की इंजिन तेच ठेवावे आणि त्याच्याकडून त्याचे स्वतःचे काम पुरते करून घ्यावे. चाळीस वर्षांच्या इंजिनात आज 40 अश्वशक्ती उरली असेल असे आपण कशावरून धरता? चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. माझा अंदाज आहे की निदान एक सिलिंडर मरगळलेला निघेल. सिलिंडर बोअर करून, म्हणजे किंचित रुंद कातून, ओव्हरसाइझ पिस्टन घालावेत. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 आहे. बोअर एका मिलिमीटरने वाढल्यास क्षमता सुमारे 1122 घनसेंटिमीटर होते. ही नेहमीची दुरुस्ती आहे. हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात, कारण हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहे आणि 2000 सालापासून ते पेट्रोल आपल्याकडे बंद आहे. स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट काढून त्याच डब्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालता येते. बाहेरून काही दिसत नाही. कार्ब्युरेटरचा स्पिंडल झिजून हवा ओढत असेल तर तो दुरुस्त करावा. खुद्द फियाटने याच 1089 घनसेंटिमीटरमधून आपल्या 1100 टीव्ही या वेगवान आवृत्तीसाठी सुमारे 50 अश्वशक्ती काढली होती; म्हणजे मूळ इंजिनात जागा आहे, फक्त ती आळसाने भरलेली आहे. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतींत मद्रासकडील मंडळी ज्या फियाट पळवत, त्या याच वंशातल्या.

घाटात मागच्या हॉर्नचा त्रास थोडा उरेल. तेव्हा डावीकडे घेऊन जाऊ द्यावे. आईंची अटही पाळली जाईल.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. इंग्लंडमधील लोक जुन्या मिनी गाडीत होंडाचे दीडशे-एकशेसाठ अश्वशक्तीचे इंजिन सर्रास बसवतात, असे मी अनेक चित्रफितींत पाहिले आहे. मिनी तर पद्मिनीपेक्षाही लहान. मग तेथे जे जमते ते आपल्याकडे का जमत नाही?
(एक विद्यार्थिनी, इस्लामपूर)

उत्तर : जमते किंवा जमत नाही, यापेक्षा तेथे नेमके काय बदलले जाते हे चित्रफितीत किती मिनिटे दाखवले होते, ते पाहा.

मूळ मिनी 26 ऑगस्ट 1959 रोजी बाजारात आली. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी जेमतेम 3.05 मीटर लांबीच्या गाडीत चार माणसे बसवण्यासाठी इंजिन आडवे केले आणि गिअरबॉक्स चक्क इंजिनाखाली, तेलाच्या सम्पमध्येच घातला. एकच तेल दोघांना. चाके अवघी दहा इंचांची. येथे आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे: चाचणीच्या गाड्यांत 948 घनसेंटिमीटरचे इंजिन होते आणि त्यांनी ताशी 90 मैलांहून अधिक वेग गाठला, तेव्हा तो त्या गाडीला जास्त आहे असे ठरवून कंपनीने क्षमता 848 घनसेंटिमीटरपर्यंत खाली आणली. ताकद उरली 34 अश्वशक्ती. पुढे 1961 साली जॉन कूपर यांच्यासह 55 अश्वशक्तीची मिनी कूपर काढली, तेव्हा तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. 1964, 1965 आणि 1967 साली माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या मिनी याच परंपरेतील कूपर एस होत्या. त्यांची ताकदही आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षा जास्त नव्हती.

होंडाचे बी16 हे 1595 घनसेंटिमीटरचे इंजिन 1989 साली आले तेव्हा 160 अश्वशक्ती देत होते, म्हणजे लिटरमागे शंभर, तेही टर्बोशिवाय. मूळ मिनीच्या पावणेपाचपट. ते मिनीतही आडवेच बसते आणि पुढचीच चाके फिरवते, त्यामुळे सातारच्या वाचकांपुढील दिशेचा प्रश्न येथे उद्भवत नाही. परंतु मिनीचे पुढचे इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन हे सर्व एका वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे सबफ्रेमवर असते व ती बोल्टांनी बॉडीला जोडलेली असते. होंडाचे इंजिन बसवणारे ही सबफ्रेमच फेकून देतात आणि या कामासाठी खास तयार केलेली पोलादी नळ्यांची सबफ्रेम आणतात. तिच्यासोबत नवे ड्राइव्ह शाफ्ट, मोठे डिस्क ब्रेक, मोठी चाके, नवा रेडिएटर आणि अनेकदा पुढे वाढवलेले नाकही येते. थोडक्यात, मिनीचे इंजिन बदलले असे म्हणतात तेव्हा काचेच्या पुढची जवळपास सगळी गाडी बदललेली असते. हे सुटे भाग तेथे संच म्हणून विकत मिळतात, कारण 2000 सालापर्यंत त्रेपन्न लाखांहून अधिक मिनी तयार झाल्या आणि त्यांच्याभोवती एक लहान उद्योगच उभा राहिला. पद्मिनीसाठी असा संच करणारा कोणी नाही. प्रत्येक फाउंडेशन पहिल्यांदाच कापले जाते, आणि पहिल्यांदा कापलेली वस्तू कोणत्या चाचणीतून गेली, याचे उत्तर ‘आमच्या मालकांनी चालवून पाहिली’ इतकेच असते.

तरीही दोष राहतातच. आखूड गाडी, पुढच्या दोन चाकांवर इतका टॉर्क, आणि त्याच चाकांनी वळायचेही. जोरात एक्सलरेटर दाबला की स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढले जाते. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेत प्रकल्प करायचा झाल्यास मी असा विषय सुचवेन: जुन्या गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर किती टॉर्क दिल्यास टायर घसरेल, हे आधी कागदावर काढा. वजन, टायरची पकड आणि चाकाची त्रिज्या एवढी तीनच मापे लागतात. उत्तर पाहून किती अश्वशक्ती निव्वळ रबर जाळण्यात जाईल, ते कळेल.

प्रश्न : आजोबांची फियाट 1973 साली नोंदणी झालेली आहे. मूळ इंजिन जाम झाले आहे. तिच्यात नवे इंजिन घालून मग ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून घेता येईल का? गाडी रोज ऑफिसला न्यायची आहे. जुने इंजिन भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या पत्रातील तीनही इच्छा एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. परंतु ती मूळ स्वरूपात असली पाहिजे, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. वयाची अट आपली गाडी पूर्ण करते. नवे इंजिन घातले की दुसरी अट मोडते. शिवाय व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. तेव्हा ऑफिसला न्यायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करत राहावे. व्हिंटेज करायची असेल तर ऑफिसला लोकलने जावे. ठाण्याहून तेच लवकर पोहोचते.

राहिले जाम झालेले इंजिन. बहुतेक वेळा उभ्या गाडीत पाणी किंवा दमट हवा सिलिंडरात जाऊन रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात. ब्लॉक फुटलेला नसतो. स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरांत पातळ तेल, डिझेल मिसळलेले असले तरी चालेल, ओतून ठेवावे आणि आठवडाभर हात लावू नये. नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून हळूहळू पुढे-मागे हलवून पाहावे. दुसरी गाडी लावून ओढू नये; अशा ओढण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खरोखरच भंगारवाल्याला बोलवावे लागते. हलले नाही तर हेड उतरवून ब्लॉक चांगल्या बोअरिंगच्या कारखान्यात न्यावा. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक आजोबांच्या आरसी पुस्तकातील क्रमांकाशी ताडून पाहावा, त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा, आणि गंज काढताना त्या जागेवर ग्राइंडर लावू देऊ नये.